वेताळाची आवक-जावक

मराठी मध्यमवर्गीय घरात प्रत्येक ग्रंथाचे स्थान ठरलेले असे. ज्ञानेश्वरी आणि दासबोध देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असत, पंचांग खुंटीला लटके, शब्दकोश वडिलांच्या मेजावर विराजमान असे, आणि कादंबऱ्या वाचनालयाचा शिक्का अंगावर घेऊन येत व मुदतीच्या आत परत जात. या सुव्यवस्थित राज्यात जिला कोणतीच फळी मिळाली नाही, जी गादीखाली, दप्तरात, तांदळाच्या डब्याच्या झाकणावर किंवा गॅलरीतल्या वाळत्या कपड्यांच्या आडोशाला सापडे, अशी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे पातळ रंगीत चित्रकथा, आमच्या तोंडी रुळलेले ‘कॉमिक’. तरीही घरातील सर्वांत अधिक हातांनी हाताळलेले आणि सर्वांत अधिक तोंडांनी वाचलेले पुस्तक कोणते, असा जाबजबाब उद्या कोणी घेतलाच, तर या बेवारस पुस्तकाचेच नाव सांगावे लागेल.

वाचन हा एकांतातला व्यवहार आहे, असे साहित्याचे प्राध्यापक सांगतात. कवितेच्या किंवा तत्त्वचिंतनाच्या बाबतीत ते खरे असेल. परंतु गिरगावातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जिथे एकांत ही वस्तू संडासाच्या रांगेत उभे राहूनही मिळत नसे, तिथे चित्रकथा एकट्याने वाचली गेली असेल यावर माझा विश्वास नाही. ती वाचली गेली ती दोघातिघांनी एका पुस्तकावर माना घालून, किंवा एकाने मोठ्याने वाचून आणि बाकीच्यांनी चित्रे पाहून. आणि या सामुदायिक वाचनामागे काही उदात्त तत्त्व नव्हते, पुस्तक एकच असे व डोळे पुष्कळ असत, एवढेच कारण होते.

ज्या पुस्तकाने आमच्या पिढीला वेड लावले ते ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये मुंबईत निघाले. बोरीबंदरासमोरच्या टाइम्सच्या भव्य इमारतीतून, म्हणजे बेनेट, कोलमन आणि कंपनीकडून, ते प्रसिद्ध होई. पहिल्या अंकात वेताळाच्या कमरपट्ट्याची कथा होती आणि किंमत होती ६० पैसे. हा वेताळ मूळचा अमेरिकेतला. ली फॉक या लेखकाने फेब्रुवारी १९३६ मध्ये वृत्तपत्रातील दैनिक चित्रपट्टी म्हणून त्याला जन्म दिला, आणि त्याच्याही दोन वर्षे अगोदर, १९३४ मध्ये, मँड्रेक हा जादूगार उभा केला. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ घेणाऱ्या घरांना या वीराची ओळख चाळीसच्या दशकापासूनच होती. परंतु ती घरे थोडी, आणि त्यांतली इंग्रजी सहज वाचणारी मुले त्याहून थोडी. देशी भाषांतून तो अवतरला तेव्हाच तो खऱ्या अर्थाने चाळीत राहावयास आला. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचेच होते. पुढे मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, चष्मा घालणारा आणि पाइप ओढणारा रिप कर्बी आला. मासिकाचे पाक्षिक झाले, १९८१ मध्ये साप्ताहिक झाले, आणि आठशेहून अधिक अंक निघाल्यावर १९९० मध्ये हे सर्व प्रकरण बंद पडले.

या परदेशी वीराला आपल्या मुलखात दाखल करून घेताना संपादकांनी जी खबरदारी घेतली, ती आज वाचताना मोठी मौज वाटते. वेताळाचे जंगल मूळ कथेत ‘बंगाला’ नामक देशात आहे. वाचकांना त्यात आपला बंगाल दिसू नये म्हणून इंद्रजालने त्या देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ केले. वेताळाचे हाडवैर ज्या समुद्री चाच्यांशी, त्यांना मूळ लेखकाने ‘सिंग’ हे नाव दिले होते. ते इथे ‘सिंगा’ झाले. आणि वेताळाच्या पित्याचा घात करणारा जो रामा, तो ‘रामालू’ या बिनधोक नावाने वावरू लागला. अमेरिकेत बसून पूर्वेकडचे जंगल रंगवणाऱ्या लेखकाच्या कल्पनेत आफ्रिका, हिंदुस्थान आणि मलाया यांची जी सरमिसळ होती, ती निस्तरण्याचे काम अशा रीतीने मुंबईच्या कचेरीतील काही अनाम माणसांनी बिनबोभाट केले. आम्हा मुलांना यातले काही ठाऊक नव्हते. डेंकाली हे कोकणाच्या पलीकडे कुठेतरी असावे, अशी माझी बरीच वर्षे प्रामाणिक समजूत होती.

आता घरच्या व्यवस्थेविषयी. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका सरकारी कचेरीच्या बारनिशी शाखेत कारकून होते. येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत आणि जाणारा प्रत्येक कागद जावक नोंदवहीत चढवल्याशिवाय या जगात काहीच घडत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. आणि चित्रकथांवरून घरात जी नित्य भांडणे होत, शेजारच्या बिऱ्हाडातून ज्या फिर्यादी येत, त्यांना कंटाळून एके दिवशी त्यांनी कचेरीत रद्द ठरलेल्या एका वहीच्या कोऱ्या पानांवर रकाने आखून दिले. अनुक्रमांक, आवक दिनांक, कोणाकडून, जावक दिनांक, कोणाकडे, आणि शेरा. आमच्या थोरल्या बहिणीची, ताईची, त्या दप्तरावर नेमणूक झाली. ती वही ताईने डोंबिवलीच्या घरी अजून जपून ठेवली आहे, आणि हा लेख लिहिण्याचे ठरल्यावर मी तिच्याकडे जाऊन ती पुन्हा चाळली.

वहीची कड उंदरांनी कुरतडली आहे, शाई तपकिरी पडली आहे, पण शेऱ्याचा रकाना शाबूत आहे, आणि खरा इतिहास त्या रकान्यातच आहे. ‘मुखपृष्ठ नाही’, ‘मधली दोन पाने सुटी’, ‘मँड्रेकला मिशा काढल्या, कोणी ते कबूल करत नाही’ (मँड्रेकला मिशा मुळातच आहेत, तेव्हा काढणाराने आणखी काय काढले, याचा उलगडा आता होणे नाही), ‘खालच्या मजल्यावरून उसने, गुरुवारच्या आत’, ‘परत आले, डाळीचा डाग नवा’, आणि एका ठिकाणी खुद्द अण्णांच्या वळणदार अक्षरात, ‘आजींच्या उशाशी सापडले, चौकशी नको.’ या शेवटच्या नोंदीखाली लफ्फेदार सही आहे. कचेरीतला माणूस घरी वडील झाला तरी सही करावयास विसरत नाही.

वाचनाचा क्रम वहिवाटीने ठरलेला होता. ज्याने अंक पैदा केला, मग तो पैशाने असो, अदलाबदलीने असो वा वशिल्याने, त्याचा पहिला हक्क. त्यानंतर वयाच्या उतरत्या क्रमाने भावंडे. परंतु दोघांनी मिळून वाचण्याची मुभा असल्यामुळे व्यवहारात हा कायदा कधीच जसाच्या तसा अमलात आला नाही. दोघांनी मिळून वाचण्याची जी एक खास कला आहे, ती आजच्या मुलांना अवगत असेल की नाही, कोण जाणे. ताई भराभर वाचणारी, आमचा दादा प्रत्येक चौकटीतील बंदुकीचा घोडा आणि घोड्याचा लगाम न्याहाळणारा. पान उलटण्याचा अधिकार उजव्या बाजूस बसणाऱ्याचा, पण तो डावीकडच्याच्या संमतीशिवाय वापरावयाचा नाही. “उलटू?” “थांब.” “आता?” “थांब म्हणतो ना!” एवढाच संवाद अर्धा तास चाले, आणि शेवटी आई स्वयंपाकघरातून निवाडा देई की ज्याचे वाचून झाले आहे त्याने जाऊन नारळ किसावा. परिणामी वाचून लवकर न होण्याकडेच सर्वांचा कल असे. चित्राकडे सावकाश पाहण्याचे जे काही वळण मला लागले, ते असे नारळाच्या धाकाने लागले.

मोठ्याने वाचावयाचे झाले तर पात्रे वाटून घेतली जात. वेताळ दादाकडे, कारण त्याचा आवाज नुकताच फुटू लागला होता. वेताळाची प्रेयसी डायना पामर ताईकडे. आणि वेताळाचा सोबती गुरन, चाचे, पोलीस, लांडगा व इतर किरकोळ माणसे माझ्याकडे. डायनाच्या वाट्याला ‘वाचवा!’ यापलीकडे फारशी वाक्ये येत नाहीत, आणि इतकी वर्षे भटकूनही हा मनुष्य तिच्याशी लग्न करण्याचे नाव काढत नाही, अशी ताईची रास्त तक्रार होती. ली फॉकने अखेर १९७७ मध्ये त्या दोघांचे लग्न लावून दिले. तोवर ताईचे स्वतःचे लग्न होऊन ती डोंबिवलीस गेली होती, आणि वेताळाच्या लग्नाची वार्ता आम्ही तिला पोस्टकार्डाने कळवली.

आजीची गोष्ट निराळी. ती वेंगुर्ल्याकडची, अक्षरओळख जेमतेम, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला, परंतु कथेची भूक अफाट. दिवेलागणीनंतर शुभंकरोती झाली की तिच्यासमोर बसून दिवसाचा अंक वाचावा लागे, आणि प्रत्येक चौकट तिच्या चष्म्यापुढे धरून, कोण कुठे उभा आहे, हे बोटाने दाखवावे लागे. पहिल्यांदा जेव्हा तिच्या कानावर वेताळाचे नाव पडले, तेव्हा ती दचकेल, रागावेल, अंक बाहेर फेकून द्यावयास सांगेल, असे आम्हांस वाटले होते. ती मुळीच दचकली नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाचे जे प्रसिद्ध देवस्थान आहे, तिथला तो देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरून रखवाली करतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, आणि म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्या थोरल्या वहाणा वाहतात, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. तेव्हा जंगलाची रखवाली करणारा, दुष्टांना शासन करणारा आणि कधीही न मरणारा असा कोणी वेताळ आहे, यात तिला नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते. तिने चित्र चष्म्याजवळ घेतले, खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, “ह्यो बूट घालता? मगे हरकत नाय. रानात फिरतल्याक पायात कायतरी व्हयाच.”

त्या दिवसापासून वेताळ आमच्या घरी रुजू झाला. आजीच्या हिशेबी तो परका नव्हताच. फक्त त्याने आरवलीला जाऊन वेतोबाला केळ्यांचा घड वाहावा, असे तिचे मत होते.

आजीच्या या ऐकण्याचा विचार मी पुढे अनेकदा केला, आणि त्याचा धागा मला कुडाळजवळच्या पिंगुळी गावी सापडला. तिथल्या ठाकर समाजातील चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या कागदावरची चित्रे दाखवून रामायण-महाभारतातील आख्याने गात आले आहेत. सावंतवाडीच्या संस्थानाचा या कलेला आश्रय होता आणि ठराविक देवळांत नवरात्रात ती सादर करण्याचा मान त्या त्या घराण्याकडे असे. या कलेसाठी आयुष्य वेचणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आहे, आणि तिथे ती चित्रे पाहावयास मिळतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी मांडीशी एकेक चित्र उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने तेवढा प्रसंग गातो, आणि मग चित्र फिरवतो. चित्रातल्या माणसांचे डोळे मोठे, मुद्रा बाजूने दिसणारी, रथ आणि बाण यांची गर्दी. श्रोत्यांनी चित्र पाहावयाचे, शब्द ऐकावयाचे, आणि पान उलटण्याचा अधिकार सर्वस्वी कथेकऱ्याचा. तिथे उभे असताना मला आजीची संध्याकाळ आठवली नसती तरच नवल! चित्रकथा हा अमेरिकेने धाडलेला माल आहे, असे आमचे शिक्षक कुत्सितपणे म्हणत. त्यातली छपाई आणि चौकटी अमेरिकन होत्या हे कबूल, पण एकाने वाचावयाचे आणि घरदाराने पाहावयाचे, ही रीत आजीने वेंगुर्ल्याहून बरोबर आणली होती.

मद्रासहून येणारा ‘चांदोबा’ याच रीतीने वाचला जाई. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमधून सुरू केलेले हे मासिक १९५२ मध्ये मराठीत आले. त्यात चौकटी नव्हत्या, पण प्रत्येक कथेला चित्र होते, आणि शंकर या चित्रकाराने रेखाटलेला, खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा महाराष्ट्रातील किती मुलांनी अंधारात गॅलरी ओलांडताना पाहिला असेल, याची गणती नाही. चांदोबाला घरात प्रतिष्ठा होती. तो वर्गणीने येई, त्यावर अण्णांचे नाव टंकलेले असे, आणि त्याच्या वाचनास अभ्यासाची आडकाठी नसे.

प्रतिष्ठेची ही पायरी पुढे ‘अमर चित्र कथे’नेही गाठली, आणि त्याचे श्रेय अनंत पै यांच्या मुत्सद्देगिरीस दिले पाहिजे. कारकळला १९२९ मध्ये जन्मलेले पै टाइम्समध्ये नोकरीस होते आणि इंद्रजालच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवर चाललेली एक प्रश्नमंजूषा त्यांनी पाहिली; ग्रीक देवतांविषयीची उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या मातेचे नाव सांगता येईना. ही हकीकत त्यांनी पुढे जन्मभर सांगितली. इंडिया बुक हाउसच्या मिरचंदानींनी त्यांना पाठबळ दिले. मालिकेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, आणि अकराव्या क्रमांकाने ‘कृष्ण’ निघाला, तो राम वाईरकरांनी चितारलेला. पै यांनी आरंभी चमत्कारांना फार हात घातला नव्हता आणि गोवर्धनाचा प्रसंगही आवरता घेतला होता. नंतरच्या आवृत्तीत मात्र कृष्णाने पर्वत उघडपणे करंगळीवर तोलला. आमच्या आजीला विचारले असते, तर ती दुरुस्ती पहिल्याच दिवशी सुचवली गेली असती.

या मालिकेवर मराठी हातांची मोहर किती ठळक आहे, याची आठवण महाराष्ट्रात पुरेशी ठेवली जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘शिवाजी’ची संहिता भा. रा. भागवतांची, ज्यांच्या फास्टर फेणेने आमच्या सुट्ट्या व्यापल्या होत्या, आणि चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीकांची. आंबेडकर-चरित्राची चित्रे दिलीप कदमांची. १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘टिंकल’मधला तो कधीही न सुधारणारा सुपंडी वाईरकरांचा, आणि डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या कुंचल्यातला. वाईरकरांच्या पश्चात सुपंडी रेखाटण्याचे काम त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनी चालवले, म्हणजे चित्रकथा केवळ वाचणाऱ्यांच्याच नव्हे, तर काढणाऱ्यांच्या घरातही वारशाने उतरली. इंद्रजालच्या कपाटात हिंदी माणसाचा म्हणून जो एक वीर उभा राहिला, तो चंबळच्या डाकूंशी झुंजणारा, केशरी कुडता आणि जीन्स घालणारा बहादूर, डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटला.

अमर चित्र कथेच्या गुणांबरोबर तिचे दोषही तेव्हाच जाणवावयास हवे होते. देव आणि राजे गोरे किंवा निळे, राक्षस सावळे आणि लठ्ठ, स्त्रिया एकाच साच्यातील. या रंगविभागणीमागे रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातून घरोघर गेलेल्या तसबिरींचे संस्कार होते, आणि तसबीर जशी पाहिली तशीच चित्रकथाही आम्ही पाहिली, म्हणजे प्रश्न न विचारता. विचारला तो आमच्या सावळ्या ताईने. “हा राक्षस माझ्यासारखा का दिसतो?” असे तिने भर बैठकीत विचारले तेव्हा आजीने अंक मिटून ठेवला आणि त्या दिवशी पुढे वाचन झाले नाही. अण्णांनी नोंदवहीत काहीच शेरा लिहिला नाही. मला वाटते, त्यांच्या कारकिर्दीत निरुत्तर राहिलेला तो एकमेव अर्ज असावा.

इंद्रजाल आणि अमर चित्र कथा यांच्या वागणुकीत घरात जो भेद होता, तोही नोंदवण्याजोगा आहे. ‘कृष्ण’ किंवा ‘तुकाराम’ जमिनीवर ठेवावयाचा नाही, चुकून पाय लागला तर नमस्कार करावयाचा. वेताळाने मात्र डास मारले तरी चाले. अमर चित्र कथेचे अंक साठले की बाइंडिंगवाल्याकडे जात, दहा-दहांच्या गठ्ठ्याला पुठ्ठा आणि कापडी पाठ चढे, आणि मग ते सुटे अंक उसने देण्याची सोयच नष्ट होई. गिरगावातल्या ज्या दुकानात हे काम होई, तिथला वृद्ध कारागीर मला सांगत होता की पूर्वी दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात पोथ्यांपेक्षा चित्रकथांचेच गठ्ठे अधिक येत, आणि अंकाच्या पाठीतली लोखंडी टाचणी काढून दोऱ्याने शिवल्याशिवाय तो एकही गठ्ठा बांधत नसे, कारण मुंबईच्या पावसाळ्यात टाचणी गंजून कागद खाते. त्याने बांधलेले गठ्ठे आज पन्नास वर्षांनीही उघडतात. इंद्रजालच्या वाट्याला हा सन्मान क्वचितच आला. म्हणूनच ते फिरले, आणि म्हणूनच ते नष्ट झाले.

फिरण्याची त्यांची मुख्य पेठ म्हणजे भाड्याने पुस्तके देणारी छोटी वाचनालये. जिन्याखालच्या अर्ध्या खोलीत, पानाच्या ठेल्याच्या पाठीमागे, शिंप्याच्या दुकानातल्या एका कपाटात ती चालत. अनामत ठेवावयाची आणि रोजचे दहा पैसे मोजावयाचे. दादरला असे वाचनालय ज्यांच्या वडिलांनी काढले आणि ज्यांनी स्वतः ते शेवटपर्यंत चालवले, त्या गृहस्थांशी मी बराच वेळ बोललो. प्रत्येक नव्या अंकाला तपकिरी कागदाचे वेष्टन घालणे, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवणे आणि पहिल्या, मधल्या व शेवटच्या पानावर शिक्का मारणे हे काम घरातील बायका दुपारी करीत. मधल्या पानावर का, तर गिऱ्हाइके मधली पाने काढून घेत. पायरीवर बसूनच वाचल्यास निम्मे भाडे. आणि पायरीवर एक अंक चौघांनी वाचला तर भाडे एकाचे घ्यावे की चौघांचे, हा तंटा त्यांच्या वडिलांनी असा मिटवला होता की पान उलटणारा पैसे देईल. “मुले आमची गिऱ्हाइके होतीच,” ते म्हणाले, “पण नियमित कोण, म्हणाल तर निवृत्त माणसे. नातवासाठी नेतो म्हणत, आणि नातू दुसऱ्या दिवशी येऊन तोच अंक मागे!” ऐंशीच्या दशकात त्याच कपाटात व्हिडिओ कॅसेटी आल्या, आणि चित्रकथा किलोच्या भावाने गेल्या. त्यांनी स्वतःसाठी एकही ठेवली नाही, याचे त्यांना विशेष दुःख दिसले नाही. जागा तेवढीच होती, असे ते म्हणाले.

आणखी एक मार्ग होता तो मुलखाचा. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या माणसाबरोबर चित्रकथांचे पुडके सावंतवाडीच्या चुलत भावंडांना धाडले जाई आणि यष्टीने परतणाऱ्याबरोबर त्यांच्याकडचे आमच्याकडे येई, मालवणी खाज्याच्या पुड्याशेजारी, गुळाचा चिकटा लागलेले. हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला आणि त्यात कोणाचे किती येणे व कोणाचे किती देणे, याचा ताळेबंद ताईच्या वहीतही जुळत नाही. सावंतवाडीकडची बाकी अजून निघते, असे तिचे म्हणणे आहे. चुलत भाऊ नेमके उलट म्हणतो. त्याच्याकडे वही नाही, पण स्मरण दांडगे आहे.

मालकीचा हा घोळ मिटवण्यासाठी दादाने शिक्का तयार केला होता. वेताळाच्या अंगठीवर कवटी असते, तिचा ठोसा बसलेल्या दुर्जनाच्या गालावर जन्मभराची खूण राहते, हे जगजाहीर आहे. दादाने आयताकृती खोडरबर घेतले, अण्णांच्या दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा कागदात गुंडाळून धरला, आणि दोन दुपारी खपून त्यावर कवटी कोरली; डोळ्यांच्या खाचा साधल्या, दातांपाशी रबर तुटले, त्यामुळे ती कवटी थोडी हसरी झाली. अण्णांनी आणलेल्या जांभळ्या शाईच्या गादीवर ती दाबून त्याने घरातल्या प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर ठसा उमटवला, नंतर माझ्या दोन्ही गालांवर उमटवला, आणि ती शाई शाळा सुरू होईपर्यंत गेली नाही. अण्णा रागावले ते याबद्दल नव्हे. विना-दिनांक शिक्का ग्राह्य धरता येत नाही, असे त्यांनी दादास समजावून सांगितले, आणि तेव्हापासून प्रत्येक कवटीखाली तारीख पडू लागली.

पुढे ताई सासरी गेली, आजी वारली, दादा नोकरीनिमित्त नागपूरला गेला. १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला आणि सकाळी चहाबरोबर चार चौकटी मोठ्याने वाचून दाखवण्याचा प्रघात पुण्याच्या कित्येक घरांत पुन्हा पडला. आमच्या अण्णांनीही वृद्धापकाळी त्या पट्ट्या कापून वहीत चिकटवल्या, अर्थात दिनांकासह. पण एक संपूर्ण पुस्तक चाळीच्या तीन मजल्यांवरून फिरून, डाग आणि शेरे मिळवून परत यावे, तसे मात्र झाले नाही. मुलांना हवे ते पुस्तक हवे तेव्हा मिळू लागले. त्यात वाईट काही नाही. माझ्या नातीच्या खोलीत टिंकलचे अंक आहेत, ते तिचे एकटीचे आहेत, आणि मागितल्यास ती ते देतेही.

फाउंटनच्या पदपथावर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मी अधूनमधून धुंडाळत असतो. इंग्रजी इंद्रजाल अजून हाती लागते, आणि संग्राहक त्याला भक्कम किंमत देतात. मराठी आवृत्ती त्या मानाने फार विरळ, असे विक्रेते आणि संग्राहक दोघेही सांगतात. कारण उघड आहे. इंग्रजी अंक ज्या घरांत गेले तिथे त्यांना कपाटे होती. मराठी अंक वाचून वाचून संपले.

तेव्हा वाचकांस एक विनंती करावीशी वाटते. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवाल, तेव्हा रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी तिचा तळ एकदा पाहावा. मराठी इंद्रजालचा एखादा अंक निघाला तर तो आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावा. आणि वाचनालयाच्या चिटणिसांनीही, चित्रकथा म्हणजे पोरखेळ अशी सबब न सांगता, तो रीतसर दाखल करून घ्यावा. देण्यापूर्वी पहिल्या पानावर घरात तो कोणी कोणी वाचला त्यांची नावे, आठवतील तेवढी, लिहावीत. मुखपृष्ठ नसले तरी चालेल. डाळीचे डाग पुसू नयेत.